कौल पुन्हा मागावा तो कुणी?

१७ जून १९५९ रोजी आयर्लंडच्या मतदाराच्या हातात एकाच वेळी दोन मतपत्रिका पडल्या. एकीवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावं होती आणि त्यात तेव्हाचे पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा हे नाव होतं. दुसरीवर डी व्हॅलेरांच्याच फियाना फॉल पक्षाने मांडलेली घटनादुरुस्ती होती. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत मोडावी आणि तिच्या जागी एका मतदारसंघातून एकच उमेदवार, ज्याला जास्त मतं तो विजयी, अशी ब्रिटिश पद्धत आणावी, असा तो प्रस्ताव होता. आयर्लंडची पद्धत मराठी वाचकाला अगदीच परकी नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार मुंबईच्या विधान भवनात नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात, तसेच तिथला सामान्य मतदार संसदेच्या निवडणुकीत लिहितो. त्या दिवशी लोकांनी डी व्हॅलेरांना ५६ टक्क्यांहून अधिक मतं देऊन राष्ट्राध्यक्ष केलं आणि त्याच मतदान केंद्रात, त्याच पेन्सिलीने, त्यांचा प्रस्ताव ३३,६६७ मतांनी पाडला. माणूस हवा होता, त्याचा प्रस्ताव नको होता. एका पक्षाला कायमची सत्ता मिळवून देणारा हा डाव आहे, हे फिने गेल आणि मजूर पक्ष या विरोधकांचं म्हणणं लोकांना पटलं होतं.

फियाना फॉलला मात्र ते उत्तर अंतिम वाटलं नाही. नऊ वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९६८ रोजी, जॅक लिंच यांच्या सरकारने तोच प्रस्ताव पुन्हा लोकांपुढे ठेवला. मधल्या काळात काय बदललं होतं? पंतप्रधान बदलले होते, एवढंच. प्रश्न तोच होता आणि त्याला विरोध करणारे पक्षही तेच. १९५९ साली 'नाही' म्हणणाऱ्यांपैकी एकही पक्ष बाजू सोडून आला नव्हता. निकाल पहिल्यापेक्षा कडक लागला. १९५९ साली विरोधात सुमारे ५२ टक्के मतं होती, १९६८ साली ती जवळपास ६१ टक्के झाली. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी, जून १९६९ मध्ये, याच मतदारांनी फियाना फॉलला १४४ पैकी ७५ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवलं, आणि तेही पक्षाला जी मोडायची होती त्याच पद्धतीने. त्यानंतर फियाना फॉलने हा प्रश्न लोकांपुढे तिसऱ्यांदा नेला नाही.

युरोपात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत फेरसार्वमतावरून जे रणकंदन झालं, त्यात आयर्लंडचं हे जुनं प्रकरण फारसं कुणी काढत नाही. काढायला हवं. कारण 'सरकारला हवं ते उत्तर येईपर्यंत लोकांना पुन्हा पुन्हा मतदानाला बसवतात' हा आरोप आयर्लंडच्याच नावाने केला जातो, आणि लोकांना दुसऱ्यांदा बसवल्यावर उत्तर आणखी ठाम झाल्याचा पुरावा त्याच देशात आहे. या वादात दोन वाक्यं ठरलेली असतात. एक बाजू म्हणते, जनतेचा कौल पवित्र आहे. दुसरी म्हणते, जनतेला मत बदलण्याचा हक्क आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत, म्हणूनच ती निरुपयोगी आहेत. कोणता पक्ष कोणतं वाक्य उचलतो, हे तो मागची मतमोजणी हरला की जिंकला यावरून ठरतं. माझं म्हणणं वेगळं आहे. दुसऱ्यांदा विचारण्याला वजन येतं ते पहिल्या खेपेला जिंकलेल्यांपैकी कुणीतरी त्या दुसऱ्या प्रश्नाची मालकी घेतं तेव्हा. मालकी फक्त हरलेल्यांची असेल तर फेरसार्वमत एक तर पडतं, नाही तर होतच नाही, आणि झालं व जिंकलं तरी त्याचा डाग राहतो.

पक्षांच्या दुटप्पीपणाचे दाखले शोधायला फार लांब जावं लागत नाही. ब्रिटनमध्ये मे २०१६ मध्ये, म्हणजे युरोपीय युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं या सार्वमताच्या महिनाभर आधी, बाहेर पडण्याच्या बाजूचे नायजेल फराज यांनी एका वृत्तपत्राला सांगितलं होतं की ५२ विरुद्ध ४८ असा निकाल लागला तर विषय संपणार नाही. तेव्हा आपली बाजू ४८ वर राहील असा त्यांचा अंदाज होता. २३ जूनला आकडे नेमके तसेच लागले, फक्त उलट बाजूने, आणि विषय त्यांच्यापुरता संपला. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी फेरसार्वमताच्या विरोधात वेल्सचा दाखला दिला. १९९७ साली तिथे विधानसभेच्या बाजूने ५०.३ टक्के, म्हणजे अवघ्या ६,७२१ मतांचं मताधिक्य होतं, तरी तो निकाल मानला गेला, असा त्यांचा युक्तिवाद. विरोधकांनी लगेच दप्तर उघडलं. वेल्सच्या त्या निकालानंतर विधानसभा स्थापणाऱ्या विधेयकाविरुद्ध खुद्द मे यांनी मत दिलं होतं, आणि २००५ च्या हुजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात वेल्समध्ये नव्या सार्वमताचं आश्वासन होतं. मजूर पक्षाचा इतिहासही सोवळा नाही. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के ब्रिटिशांनी युरोपीय समुदायात राहण्याचा कौल दिला. आठ वर्षांनी, १९८३ च्या जाहीरनाम्यात, मजूर पक्षाने बाहेर पडण्याचं वचन दिलं.

आता डेन्मार्क. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण हेच आहे. डॅनिश घटनेच्या विसाव्या कलमानुसार सार्वभौम अधिकार आंतरराष्ट्रीय संस्थेकडे सोपवायचे तर संसदेत पाच षष्ठांश बहुमत लागतं. ते नसेल तर लोकांना विचारावं लागतं. मे १९९२ मध्ये युरोपीय युनियन घडवणारा मास्ट्रिख्त करार संसदेत १३० विरुद्ध २५ असा मंजूर झाला. १७९ सदस्यांच्या सभागृहात ते प्रचंड बहुमत होतं, पण पाच षष्ठांश नव्हतं. २ जून १९९२ रोजी लोकांनी तो करार ५०.७ टक्के मतांनी फेटाळला. फरक सुमारे ४६ हजार मतांचा. मतदान ८३ टक्के झालं होतं, त्यामुळे 'लोक आलेच नाहीत' ही पळवाट कुणाला नव्हती. संसद एकीकडे आणि देश दुसरीकडे, असं उघडं चित्र होतं.

त्यानंतरच्या पाच महिन्यांत जे झालं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. पुढची चाल सरकारने खेळली नाही. ती समाजवादी लोकपक्षाने खेळली, म्हणजे जूनमध्ये 'नाही'चा प्रचार करून जिंकलेल्या डाव्या पक्षाने. होल्गर के. निल्सन त्याचे नेते होते. डेन्मार्कला कोणत्या अटींवर हा करार चालेल याचा मसुदा विरोधी पक्षांनी मिळून तयार केला आणि अल्पमतातल्या उजव्या सरकारला तो स्वीकारावा लागला. ऑक्टोबर १९९२ मध्ये संसदेतल्या आठपैकी सात पक्षांनी त्याला मान्यता दिली. उजव्या टोकाचा प्रगती पक्ष तेवढा बाहेर राहिला. या दस्तऐवजाला 'राष्ट्रीय तडजोड' म्हणतात. समान चलन, संरक्षण, न्याय व गृह, आणि युनियनचं नागरिकत्व या चार बाबतींत डेन्मार्क बाहेर राहील, ही त्याचा कणा असलेली मागणी होती. डिसेंबरात एडिंबरा इथे इतर अकरा देशांनी ती मानली. १८ मे १९९३ ला लोकांपुढे गेला तो कागद जून १९९२ चा नव्हता. ८६.५ टक्के मतदान झालं आणि ५६.७ टक्के लोक 'हो' म्हणाले.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नये. समाजवादी लोकपक्षाच्या स्वतःच्या मतदारांपैकी बरेच जण 'नाही'वर ठाम राहिले आणि पक्षनेत्यांनी दगा दिला म्हणून चिडले. निकालाच्या रात्री कोपनहेगनच्या नोरेब्रो भागात दंगल उसळली. पोलिसांनी ११३ गोळ्या झाडल्या आणि किमान अकरा जण जखमी झाले. तरीही सरकारने फसवून पुन्हा मत मागितलं, हा आरोप डेन्मार्कमध्ये आयर्लंडइतका रुजला नाही. 'नाही'वाल्यांना उत्तर देण्याची जबाबदारी 'नाही'वाल्यांवरच येऊन पडली होती, हे त्याचं कारण.

आयर्लंडमध्ये कथा वेगळी वळली. ७ जून २००१ रोजी युरोपीय युनियनच्या नीस कराराला सुमारे ५४ टक्के मतदारांनी नकार दिला. मतदान जेमतेम ३५ टक्के. फियाना फॉल, फिने गेल, मजूर पक्ष आणि सत्तेतला छोटा प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स हे सगळे 'हो'च्या बाजूने असून ही गत झाली, कारण त्यांच्यापैकी कुणी मनापासून प्रचारच केला नव्हता. 'कळत नसेल तर नाही म्हणा' ही विरोधकांची घोषणा लोकांना सोपी वाटली. बर्टी अहर्न यांच्या सरकारने युरोपवर चर्चेसाठी राष्ट्रीय मंच स्थापन केला, पण फिने गेलने सुरुवातीला त्यात यायला नकार दिला. जून २००२ मध्ये सेव्हिल इथे आयर्लंडच्या लष्करी तटस्थतेविषयी घोषणापत्र मिळालं, आणि घटनादुरुस्तीच्या मसुद्यात युरोपच्या सामायिक संरक्षणात सामील होण्यास मनाई करणारं कलम घातलं गेलं. १९ ऑक्टोबर २००२ ला, मुद्दाम शनिवार धरून, पुन्हा मतदान झालं आणि जवळपास ६३ टक्के 'हो' आले. आयरिश घटनेच्या दुरुस्त्यांच्या यादीत आजही चोविसावा क्रमांक नाही. तो पडलेल्या पहिल्या प्रस्तावाचा होता. मंजूर झालेला सव्विसावा आहे.

टक्केवारी बाजूला ठेवून मतांचे आकडे पाहिले तर खरी गोष्ट कळते. २००१ मध्ये 'नाही' म्हणणारे ५,२९,४७८ होते. २००२ मध्ये ते ५,३४,८८७ झाले. म्हणजे एकूण 'नाही' कमी झालेच नाहीत, पाच हजारांनी वाढले. वाढ झाली ती 'हो'मध्ये, साडेचार लाखांवरून नऊ लाखांवर. ग्रीन पक्ष आणि शिन फेन हे दोघेही दुसऱ्या वेळीही विरोधात होते, हे इथे लक्षात घ्यायला हवं. मन वळलं असं दाखवणारा पुरावा या आकड्यांत फारसा नाही. घरी बसलेले लोक बाहेर पडले, एवढंच ठामपणे म्हणता येतं. लोकशाहीत तेही वैध आहे, पण पटवून जिंकणं आणि गर्दी जमवून जिंकणं यांत फरक आहे. नीसच्या दुसऱ्या निकालावरचा डाग याच फरकातून आलेला आहे.

आणि कमी मतदानाच्या सबबीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण २००१ नंतर 'हो'वाल्यांनी ती भरपूर वापरली. ५ जुलै १९७९ रोजी आयर्लंडमध्ये दोन घटनादुरुस्त्यांवर सार्वमत झालं तेव्हा मतदान २८.६ टक्के होतं, नीसपेक्षाही कमी. दोन्ही दुरुस्त्या प्रचंड बहुमताने मंजूर झाल्या आणि लोक कमी आले म्हणून पुन्हा विचारा, असं कुठल्याही मोठ्या पक्षाने म्हटलं नाही. आयरिश घटनेत घटनादुरुस्तीसाठी किमान मतदानाची अट नाही. अट नसताना ती फक्त हरल्यावर आठवत असेल तर तिला तत्त्व म्हणता येणार नाही.

युरोपीय युनियनच्याच पुढच्या, लिस्बन कराराचं आयर्लंडमधलं फेरसार्वमत डेन्मार्क आणि नीस या दोन प्रकारांच्या मधलं आहे. १२ जून २००८ ला ५३.४ टक्के 'नाही', २ ऑक्टोबर २००९ ला ६७.१ टक्के 'हो'. कराराच्या मजकुरात स्वल्पविरामही बदलला नव्हता, हा विरोधकांचा मुद्दा अचूक होता. पण करारात युरोपीय आयोगाचे सदस्य कमी करण्याची जी तरतूद होती, ती लागू न करता प्रत्येक देशाचा एक सदस्य राहील असं इतर देशांनी मान्य केलं. कर, तटस्थता, गर्भपातासंबंधी घटनेतलं कलम यांवर लेखी हमी दिली. नीसला दोन्ही वेळा विरोध केलेला ग्रीन पक्ष आता सत्तेत भागीदार होता. २००८ मध्ये आवश्यक दोन तृतीयांश सभासद पाठिंब्याला न मिळाल्याने तो तटस्थ राहिला होता, २००९ मध्ये ते मिळाले. या वेळी 'नाही'ची मतं खरोखर घटली, ८,६२,४१५ वरून ५,९४,६०६ वर. याचं सगळं श्रेय ग्रीन पक्षाला देणं हास्यास्पद ठरेल. मधल्या काळात आयर्लंडच्या बँका कोसळल्या होत्या, बेकारी झपाट्याने वाढली होती आणि युरोपच्या आसऱ्याची गरज माणसाला खिशातून कळत होती. तरी नीस आणि लिस्बन शेजारी ठेवले की एवढं दिसतं: जिथे विरोधकांच्या तक्रारींना नाव घेऊन उत्तर दिलं गेलं तिथे विरोधक घटले, जिथे मुख्य भर गर्दी जमवण्यावर होता तिथे ते होते तेवढेच राहिले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की 'हो' आल्यावर कुणी पुन्हा विचारत नाही. फक्त 'नाही'च तात्पुरतं कसं? हा आक्षेप पूर्ण खोडता येत नाही, आणि खोडू नये. त्याला एक अर्धं उत्तर आहे. 'नाही'मुळे सगळं होतं तसं राहतं, त्यामुळे तोच दरवाजा पुन्हा ठोठावता येतो. 'हो'मुळे कायदा बदलतो आणि मग तो उलटवायला वेगळा प्रस्ताव लागतो. असे प्रस्तावही आले आहेत. ब्रिटनने १९७५ चा 'हो' २०१६ साली उलटवला, आयर्लंडने गर्भपातबंदीचं १९८३ चं कलम २०१८ साली काढून टाकलं. पण पहिल्याला एक्केचाळीस वर्षं लागली आणि दुसऱ्याला पस्तीस, तर डेन्मार्कला एक वर्षही लागलं नाही आणि आयर्लंडला दोन्ही वेळा सुमारे सोळा महिने. सत्तेला नावडतं उत्तर लवकर शिळं होतं, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच पुन्हा विचारण्याची चावी सत्तेच्या एकटीच्या हाती असू नये, असं मी म्हणतो.

ब्रिटनचं २०१८-१९ चं भांडण याच चावीवरून अडलं. तिथे एक मूळचा फरक होता. डेन्मार्क-आयर्लंडमध्ये पहिलं 'नाही' काही न करता पाळलं जात होतं, करार मंजूर न करणं पुरेसं होतं. ब्रिटनमध्ये पहिल्या कौलाने सरकारला काहीतरी करायला सांगितलं होतं, आणि ते करण्याआधीच पुन्हा विचारणं म्हणजे सांगितलेलं काम टाळणं, असा अर्थ निघणं अटळ होतं. हरलेल्या पक्षांना हे कळत नव्हतं असं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये लिव्हरपूलच्या मजूर पक्षाच्या अधिवेशनात ठरावाचा मसुदा जुळवायला प्रतिनिधी बंद खोलीत कित्येक तास बसले आणि बाहेर आलं ते असं वाक्य, की निवडणूक मिळाली नाही तर लोकमताच्या मागणीसह सर्व पर्याय खुले राहतील. कुणालाही हवा तो अर्थ काढता यावा असंच ते घडवलं होतं. मग व्यासपीठावरून कीर स्टार्मर यांनी, युनियनमध्ये राहण्याचा पर्याय कुणी नाकारलेला नाही, असं म्हटलं तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं आणि पहिल्या रांगेतल्या काहींचे चेहरे कसनुसे झाले. संसदेतही तेच. १ एप्रिल २०१९ रोजी कोणत्याही करारावर लोकांचं शिक्कामोर्तब घ्यावं हा प्रस्ताव २८० विरुद्ध २९२ मतांनी पडला. बारा मतं कमी पडली, आणि विरोधात गेलेल्यांत मजूर पक्षाचेच वीसहून अधिक खासदार होते. त्यातले बहुतेक बाहेर पडण्याचा कौल दिलेल्या मतदारसंघांतले. २०१६ साली बाहेर पडण्याच्या बाजूने लढून जिंकलेला एकही मोठा नेता या प्रस्तावामागे उभा नव्हता. होल्गर निल्सन यांच्या जागी उभं राहणारं कुणी ब्रिटनमध्ये निघालं नाही.

शेवटी उत्तर दिलं ते डिसेंबर २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीने. बोरिस जॉन्सन यांना ३६५ जागा मिळाल्या. दुसरं सार्वमत मागणाऱ्या किंवा निर्णयच रद्द करू पाहणाऱ्या पक्षांच्या मतांची बेरीज निम्म्याहून किंचित जास्त होती, पण ती मतं विखुरलेली होती आणि एका जागेला एक विजयी या पद्धतीत विखुरलेल्या मतांना किंमत नसते. १९५९ आणि १९६८ मध्ये आयर्लंडच्या मतदाराने दारातून परत पाठवलेली पद्धत ती हीच.

मग जिंकलेल्यांच्या हाती कायमचा नकाराधिकार द्यायचा का, असं कुणी विचारेल. तसं होत नाही. पक्ष बदलतात, नवे येतात, निवडणुका होतात. शिवाय हरलेल्या पक्षाची वाट त्याने बंद होत नाही, हे आपल्या शेजारच्याच इतिहासात आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रातलं विलीनीकरण ३४,०२१ मतांनी नाकारलं. ते राष्ट्रीय सार्वमत नव्हतं, पण हरलेल्या पक्षाने काय करावं हा पेच तोच होता. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून दयानंद बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. दोनच महिन्यांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडणूक जिंकून पुन्हा सत्तेत आला आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. पण विलीनीकरणाचा कौल दुसऱ्यांदा घेतला गेला नाही, आणि १९८७ साली गोवा स्वतंत्र राज्य झालं.

डेन्मार्कच्या चारपैकी तीन सवलतींचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. युरो स्वीकारायचा का, हे २००० साली विचारलं, उत्तर 'नाही' आलं. २००७ मध्ये पंतप्रधान अँडर्स फोग रासमुसेन यांनी सवलतींवर नवं सार्वमत घेण्याचा मनोदय जाहीर केला, पण युरोवर ते कधी झालं नाही. न्याय व गृह खात्याची सवलत सैल करण्याचा प्रस्ताव २०१५ मध्ये लोकांनी नाकारला आणि तोही पुन्हा आलेला नाही. संरक्षणाची सवलत मात्र १ जून २०२२ रोजी, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, ६६.९ टक्के मतांनी रद्द झाली. त्या प्रस्तावामागे मार्चमध्ये जी पाच पक्षांची तडजोड झाली, तिच्यावर १९९२ साली ही सवलत मागणाऱ्या समाजवादी लोकपक्षाचीही सही आहे.